पांढुर्ण्यावर आलो तेव्हा उंची किती?

मी सौंसरला राहतो. नोकरी बोरगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात, इन्स्ट्रुमेंट विभागात. बॉयलरचा दाब, भट्टीचे तापमान, टाकीतली पाण्याची पातळी जी यंत्रे आपोआप सांभाळतात, त्या यंत्रांची देखभाल हे माझे काम. वडील पांढुर्ण्याला आमच्या जुन्या घरी असतात. त्यांचे सारे आयुष्य ट्रकवर गेले. हंगामात पांढुर्ण्याची संत्री, एरवी मिळेल तो माल. मुलगा अकरावीत आहे. आम्हा तिघांना एका विमानाने एका टेबलापाशी आणून बसवले, त्याची ही हकीगत. विमान खरे नव्हते, आमच्या जुन्या कॉम्प्युटरवरचे होते. पण त्यातून जे कळले ते खरे आहे. आपल्या मंडळातल्या ज्या मुलामुलींना फ्लाइट सिम्युलेटरचा नाद आहे, आणि ज्या आईवडिलांना त्या नादाची काळजी आहे, त्या दोघांसाठीही लिहितो आहे.

काळजी करणाऱ्यांत मीही होतोच. अकरावीचे वर्ष, आणि पोरगा रात्री अकरापर्यंत हेडफोन लावून विमान उडवतो आहे. दोनदा तर मी इंटरनेटची वायर काढून कपाटात ठेवली. त्याचा काही उपयोग झाला नाही, कारण तो वापरत होता ते फ्लाइटगिअर इंटरनेट नसतानाही चालते. फ्लाइटगिअर मोफत मिळते. जगभरातले हौशी लोक १९९७ पासून ते मिळून बनवत आले आहेत, आणि त्याच्या आत काय लिहिले आहे हे कुणालाही उघडून पाहता येते, बदलता येते. मायक्रोसॉफ्टचा फ्लाइट सिम्युलेटर किंवा एक्स-प्लेन दिसायला जास्त देखणे, पण त्यांना पैसेही लागतात आणि दमदार कॉम्प्युटरही. आमच्याकडे दोन्ही नव्हते.

मग एका रविवारी तो स्वयंपाकघरात आला आणि म्हणाला, "बाबा, तुमच्या बॉयलरवर पीआयडी असतो ना? माझं विमान डुलून राहिलं आहे."

पंधरा वर्षे मी पीआयडी कंट्रोलरची खटपट करतो आहे. घरात कुणी त्याचे नाव घेईल असे कधी वाटले नव्हते. मी चहाचा कप घेऊन त्याच्या मागे जाऊन उभा राहिलो.

भोपाळ, बैतूल, पांढुर्णा, नागपूर

त्याने मार्ग आखला होता तो आपल्या रेल्वेसारखाच. भोपाळहून उडायचे, बैतूलवरून, मग पांढुर्ण्यावरून, आणि नागपूरला सोनेगावच्या विमानतळावर उतरायचे. खऱ्या विमानांचे हवाई मार्ग वेगळे असतात, पण सिम्युलेटरमध्ये अक्षांश-रेखांश टाकून आपल्याला हवा तो बिंदू घेता येतो. त्याने आबाजींच्या घराचा बिंदू घेतला होता.

यात एक गंमत मला तेव्हाच कळली. नागपूरची धावपट्टी वायव्येकडून आग्नेयेकडे जाते. वायव्येकडून उतरायच्या टोकाला १४ हा आकडा आहे, म्हणजे होकायंत्रावर साधारण १४० अंशांची दिशा. नकाशावर पांढुर्ण्याहून विमानतळापर्यंत सरळ रेघ ओढली तर ती जवळजवळ त्याच दिशेने जाते. म्हणजे पांढुर्ण्यावरून आलेले विमान फारसे न वळता थेट धावपट्टीसमोर येते. अंतर सुमारे ४२ सागरी मैल. (एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, विमानवाले हाच मैल वापरतात.)

"मग पांढुर्ण्यावर आलं तेव्हा विमान किती उंचीवर पाहिजे?" मी विचारले.

"तेच तर काढायचं असते, बाबा. त्यालेच व्हीनॅव्ह म्हणतात."

व्हीनॅव्ह म्हणजे व्हर्टिकल नॅव्हिगेशन. डावी-उजवी वाट दाखवणारे यंत्र सगळ्यांना माहीत आहे, आपल्या मोबाइलमध्येही असते. विमानाला मात्र वर-खाली वाटही लागते. कुठून उतरायला सुरुवात करायची, कोणत्या गावावर किती उंची असायला हवी, कुठे वेग कमी करायचा, हे सारे आधी मांडून ठेवायचे आणि मग त्या न दिसणाऱ्या उतारावरून विमान खाली आणायचे, हे व्हीनॅव्हचे काम.

गणित तोंडी करता येते. जेट विमान साधारण तीन अंशांच्या उताराने खाली येते. त्यासाठी वैमानिकांचा ढोबळ हिशेब असा: दर हजार फूट उतरायला तीन सागरी मैल, आणि वेग कमी करायला वर दहाएक मैल. मुलाचे विमान २५ हजार फुटांवर होते. नागपूर विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे १,०३० फूट उंच, म्हणजे उतरायचे २४ हजार फूट. चोवीस त्रिक बहात्तर, अधिक दहा, ८२ मैल. बैतूल ते पांढुर्णा ४० मैल आणि पांढुर्णा ते नागपूर ४२, मिळून ८२. म्हणजे उतरायला सुरुवात बरोबर बैतूलवर!

आणि पांढुर्ण्यावर? तिथून ४२ मैल राहिले. त्यातले दहा वेग कमी करायला ठेवले तर बत्तीस उरतात. त्याला तिनाने भागले की साधारण १०,७००, अधिक विमानतळाची उंची. म्हणजे ११,७०० फूट. हा आकडा त्याने कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवला होता. प्रत्यक्षात विमान तिथे कधी १३ हजारांवर असे, कधी १० हजारांवर, आणि सारा वेळ पाळण्यासारखे वर-खाली होत असे.

विमान का डुलत होते

त्याने निवडलेल्या विमानाच्या ऑटोपायलटला तीन गोष्टी येत होत्या. ठरलेली उंची धरणे, मिनिटाला ठरावीक फूट या दराने उतरणे, आणि दिशा धरणे. व्हीनॅव्ह त्यात नव्हते. ते तो स्वतः लिहू पाहत होता, फ्लाइटगिअरच्या नॅसल नावाच्या छोट्या भाषेत. अनेक सिम्युलेटरमध्ये अशीच रचना असते. मूळ ऑटोपायलट साधा असतो, आणि विमान बनवणारा त्याच्यावर आपले व्हीनॅव्ह बसवतो. व्हीनॅव्ह हिशेब करून सांगते, "मिनिटाला इतके फूट उतर," आणि खालचा ऑटोपायलट ते पाळतो.

बॉयलरवर आम्ही याला कॅस्केड म्हणतो. वरचा कंट्रोलर खालच्याला हुकूम देतो, खालचा व्हॉल्व्ह फिरवतो. विमानात अशा तीन पायऱ्या असतात. सर्वांत वर वाट: वाटेपेक्षा आपण किती वर किंवा खाली आहोत. मधे उतरण्याचा दर. सर्वांत खाली विमानाचे नाक, जे शेपटीवरच्या एलेव्हेटरने वर-खाली होते. अशा रचनेचा पहिला नियम आमच्या खात्यात शिकाऊ पोरालाही माहीत असतो: आधी सर्वांत खालची पायरी नीट बसवा, मग तिच्या वरची. आमच्या चिरंजिवांनी वरून सुरुवात केली होती.

दुसरी चूक अधिक खोल होती. त्याचे व्हीनॅव्ह फक्त चूक पाहत होते. वाटेच्या वर आहोत, तर जोरात उतर. खाली आहोत, तर कमी उतर. पण वाट स्वतःच सतत खाली जात असते. त्यामुळे गुणक लहान ठेवला की विमान कायम वाटेच्या वरच राही, कारण चूक असल्याशिवाय उतरण्याचा हुकूमच निघत नसे. गुणक मोठा केला की विमान वाट ओलांडून खाली जाई, मग घाबरून वर येई, पुन्हा खाली. हेच ते डुलणे.

बॉयलरच्या ड्रममध्ये पाण्याची पातळी धरताना आम्हाला हाच त्रास होतो. तिथे आम्ही केवळ पातळीकडे पाहत बसत नाही. किती वाफ बाहेर जाते आहे ते आधी मोजतो, तेवढेच पाणी लगेच आत सोडतो, आणि पातळीतली चूक फक्त वरची थोडी दुरुस्ती करायला वापरतो. मी मुलाला विचारले, "तुझ्या विमानाची वाफ कोणती?"

तो पाच मिनिटे गप्प बसला. मग म्हणाला, "जमिनीवरचा वेग."

बरोबर. विमान जमिनीच्या हिशेबाने ताशी ३०० सागरी मैल, म्हणजे ३०० नॉट, जात असेल, तर मिनिटाला पाच मैल झाले. तीन मैलांना हजार फूट, तर पाच मैलांना १,६६० च्या आसपास. एवढा दर तर आधीच द्यायचा, चुकीची वाट न पाहता. पाठीमागून वारा आला आणि वेग ३६० झाला, की मिनिटाला सहा मैल, म्हणजे २,००० फूट. वारा बदलला की दर आपोआप बदलतो. त्यानंतर वाटेपासून शंभर फूट चुकले तर दीडशेची दुरुस्ती, आणि काहीही झाले तरी दुरुस्ती सहाशेच्या वर जाऊ द्यायची नाही, एवढे लिहिले. त्या रात्री विमान पांढुर्ण्यावर ११,९०० फुटांनी गेले, आणि डुलले नाही. आम्ही दोघेही इतक्या जोरात ओरडलो की त्याची आई उठून आली.

खिडकीतला आकडा

पुढच्या आठवड्यात नवीनच प्रकार. बैतूल आले, बैतूल गेले, विमान २५ हजारांवरच. व्हीनॅव्ह सुरू, वाट आखलेली, पण विमान उतरायचे नाव घेत नाही.

कारण साधे होते, आणि खऱ्या विमानात ते मुद्दामच तसे ठेवलेले असते. ऑटोपायलटच्या फळीवर उंचीची एक खिडकी असते. वैमानिक त्यात जो आकडा ठेवतो, त्याच्या खाली ऑटोपायलट जात नाही, व्हीनॅव्हने कितीही सांगितले तरी. ही वैमानिकाने घातलेली मर्यादा. जमिनीवरून कंट्रोलरने "अमुक उंचीपर्यंत उतरा" म्हटल्यावरच तो तो आकडा खाली करतो. मुलाने खिडकीत २५ हजार तसेच ठेवले होते. बोइंगच्या विमानात अशा वेळी कॉम्प्युटर वैमानिकाला संदेश देऊन आठवण करतो की खिडकीतली उंची बदला. आमच्या घरगुती व्हीनॅव्हने आठवण केली नाही. मग मुलाने ती सोय लिहिली: उतरण्याच्या बिंदूच्या आधी पाच मैलांवर पिवळा दिवा.

उशिरा उतरायला लागले तर काय होते, हेही त्या दिवशी कळले. विमान वाटेच्या खूप वर राहते. खाली यायला नाक झुकवावे, तर वेग वाढतो. वेग कमी करावा, तर उतरणे थांबते. दहा हजार फुटांच्या खाली २५० नॉटच्या आत राहायचे असते, तेही साधत नाही. सौंसरच्या बाजूला एक मोठा वळसा घेऊन उंची घालवावी लागली. खऱ्या विमानात तेवढे इंधन जळाले असते आणि मागच्या विमानांचा खोळंबा झाला असता.

"वेग कोन धरून हाय?"

पोळ्याला आम्ही सारे पांढुर्ण्याला गेलो. दुसऱ्या दिवशी जाम नदीवर गोटमार, त्यामुळे गावात पाहुणे, गर्दी. मुलाने कॉम्प्युटर सोबत आणला होता. जेवणानंतर आबाजींना दाखवायला बसला. बैतूलपासून सगळे झकास. पांढुर्ण्यावर ११,७५०. आबाजींनी वरून आपले गाव पाहिले. सिम्युलेटरमध्ये ते म्हणजे हिरव्या-तपकिरी जमिनीतला एक ठिपका, पण ते खूश झाले.

नागपूरजवळ येताना मुलाने विमान तीन हजार फुटांवर सपाट केले. व्हीनॅव्हने उतरताना इंजिने अगदी मंद केली होती. आता ऑटोपायलटने उंची धरली. आकडा ३,००० वर स्थिर. मुलगा त्या आकड्याकडे बोट दाखवून सांगत होता, "पाहा आबाजी, एक फूट इकडेतिकडे नाही."

आबाजी दुसरीकडे पाहत होते. म्हणाले, "थांब बेटा. उंची यानं धरली. वेग कोन धरून हाय?"

मुलाने पाहिले. कुणीच धरला नव्हता. इंजिने मंदच होती. उंची टिकवायला ऑटोपायलट नाक हळूहळू वर करत होता, आणि वेग १८०, १६०, १४० असा उतरत होता. मुलाचा हात पोहोचेपर्यंत विमान हवेत थरथरले, नाक एका बाजूला पडले, आणि सोनेगावच्या अलीकडे शेतात गेले.

खोलीत कुणी बोलले नाही. आबाजींनी पानाचा डबा काढला आणि मग सांगितले, जे मी चाळीस वर्षांत त्यांच्या तोंडून ऐकले नव्हते. छिंदवाड्याकडे जाताना सिल्लेवानीचा घाट लागतो. त्यांच्या बरोबरीचा एक ड्रायव्हर डिझेल वाचवायला तो घाट न्यूट्रलमध्ये उतरवत असे. गाडी चालत राहते, ब्रेक लागत राहतो, सगळे ठीक वाटते. पण गाडीचा वेग इंजिन धरून नसते, एकटा ब्रेक धरून असतो. ब्रेक तापला की वेग धरणारे कुणीच उरत नाही. तो माणूस एका पहाटे घरी परतला नाही. "म्हून सांगतो," आबाजी म्हणाले, "ज्या गिअरात चढवान, त्याच गिअरात उतरवा. अन् ते घाट लागाच्या आधी ठरवा."

दोन खरी विमाने

मुलाने त्या रात्री शोधून काढले ते मीही वाचले. १४ फेब्रुवारी १९९०. इंडियन एअरलाइन्सचे एअरबस ए-३२० मुंबईहून बंगळूरला चालले होते. आत १४६ माणसे. धावपट्टीकडे उतरताना ऑटोमॅटिक यंत्रणा अशा प्रकारात होती, ज्यात इंजिने मंद राहतात आणि विमान नाकाने वेग सांभाळत खाली येते. उंच आकाशात हा प्रकार अगदी रास्त आहे. धावपट्टीजवळ मात्र वाट आणि वेग दोन्ही धरायला इंजिनांची ताकद हवी, आणि ती मंदच राहिली. वेग घटत गेला, वैमानिकांच्या ते फार उशिरा लक्षात आले. विमान धावपट्टीच्या अलीकडे गोल्फच्या मैदानावर कोसळले. ९२ माणसे गेली.

दुसरे २० जानेवारी १९९२ चे, फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गजवळचे. हेही ए-३२०. उतरण्याचा हुकूम देण्याचे त्यात दोन प्रकार होते: अंशात किंवा मिनिटाला फुटांत. बटण एकच, खिडकी एकच. ३.३ अंशांचा उतार हवा असेल तर खिडकीत ३.३ दिसे; दुसऱ्या प्रकारात ३३ दिसे आणि त्याचा अर्थ मिनिटाला ३,३०० फूट. तपास करणाऱ्यांना सर्वांत संभवनीय वाटले ते हे की वैमानिकांनी अंश समजून आकडा टाकला आणि यंत्र फुटांच्या प्रकारात होते. मिनिटाला आठशे फुटांऐवजी विमान चौपट वेगाने खाली आले आणि रात्री डोंगराला धडकले. ९६ पैकी ८७ माणसे गेली. त्यानंतर एअरबसने फुटांचा आकडा पूर्ण चार अंकी दाखवायला सुरुवात केली, म्हणजे ३३ ऐवजी ३३००.

दोन्ही ठिकाणी ऑटोपायलट बिघडला नव्हता. त्याला जे सांगितले तेच तो करत होता. आपण काय सांगितले आहे, हे माणसांच्या मनात वेगळे होते.

हे वाचल्यावर मुलाने आपले व्हीनॅव्ह पुन्हा लिहिले. पूर्वी त्यात फक्त उंची होती. आता उंची आणि इंजिन एकमेकांशी जोडले. उतारावर असताना नाक वाट धरील, इंजिन मंद. विमान सपाट झाले की त्याच क्षणी वेग धरायचे काम इंजिनाकडे गेलेच पाहिजे. ते गेले नाही, तर उंची धरायच्या आधी मोठा आवाज. शिवाय उंची धरणारा आणि दर धरणारा हे दोन कंट्रोलर एकदम सुरू राहणार नाहीत, अशी कडीही घातली. दोघे एकाच एलेव्हेटरला ओढायला लागले की विमानाचा बैल होतो, आणि दोन धनी त्याला दोन बाजूंना हाकतात.

मुलांसाठी आणि आईवडिलांसाठी

सिम्युलेटर उडवणाऱ्या मुलांनो, आमच्या घरात आता मॉनिटरला तीन प्रश्न चिकटवलेले आहेत. कोणतेही बटण दाबल्यावर ते मोठ्याने विचारायचे:

वाट कोण धरून आहे? वेग कोण धरून आहे? आणि हा हुकूम कुठे संपतो?

उत्तर फळीवरच्या बटणाकडे पाहून द्यायचे नाही. स्क्रीनच्या वरच्या पट्टीत विमान स्वतः सांगते की ते आत्ता कोणत्या प्रकारात आहे, ते वाचून द्यायचे. बटण दाबले म्हणजे प्रकार बदललाच असे नसते. तुमच्याकडे फ्लाइटगिअर असो, एक्स-प्लेन असो की मायक्रोसॉफ्टचा सिम्युलेटर, हे तीन प्रश्न सगळीकडे लागू आहेत. आणि व्हीनॅव्ह वापरत असाल तरी उतरण्याचा बिंदू आधी तोंडी काढा. यंत्राचा आकडा आणि तुमचा आकडा जवळपास जुळला तर पुढे जा; जुळला नाही, तर दोघांपैकी एकाला काहीतरी समजलेले नाही.

आईवडिलांना एवढेच सांगतो की खुर्ची ओढून एकदा मागे बसा. माझ्या मुलाला अकरावीचे भौतिकशास्त्र कंटाळवाणे वाटत होते. त्याच मुलाने वाऱ्याचा वेग, उताराचा कोन आणि वेळ यांचे गणित मला फळ्यावर समजावून दिले. वैमानिक व्हायचे असेल तर पुढचा रस्ता लांब आणि महागडा आहे: व्यावसायिक परवान्याला वय १८ पूर्ण हवे, वैद्यकीय तपासणी कडक असते, आणि २०० तासांचे खरे उड्डाण लागते. असे प्रशिक्षण आपल्याकडून फार दूर नाही, गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळावर चालते. सिम्युलेटरमधले तास या दोनशेत धरले जात नाहीत. पण नागपूरला मिहानमध्ये विमानांच्या दुरुस्तीचे मोठे केंद्र आहे, विमानांची यंत्रे सांभाळणारे लोक लागतात, ही यंत्रे लिहिणारे लोक लागतात. माझा मुलगा यातले काय होईल, मला माहीत नाही. वायर मात्र मी कपाटातून काढून परत जागेवर लावली आहे.

त्या पोळ्याच्या रात्री आम्ही गच्चीवर झोपलो होतो. उत्तरेकडून एक दिवा लुकलुकत आला, आमच्या डोक्यावरून दक्षिणेला निघाला. आबाजींनी विचारले, "यालं आता किती फूट पाह्यजे? अकरा हजार सातशे?"

मुलाने बराच वेळ पाहिले. "नाही आबाजी. हे खूप वर आहे. नागपूरला नाही उतरायचं, पुढं जाऊन राहिलं."

"असं का," आबाजी म्हणाले आणि चादर ओढून घेतली. "मंग त्याचा घाट पुढं असन."